जमिनीला सजदा नाही : येशायाहू लायबोवित्झ यांनी आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न

१९९३ च्या जानेवारीत इस्रायलमध्ये एक विचित्र प्रसंग घडला. देशातला सर्वात मानाचा समजला जाणारा इस्रायल पुरस्कार नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका प्राध्यापकांना जाहीर झाला आणि लगेच गदारोळ उठला. वेस्ट बँक आणि गाझामध्ये लष्करी सेवा करायला सैनिकांनी नकार द्यावा, असे हे प्राध्यापक जाहीरपणे सांगत होते. पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी समारंभाला येणार नसल्याचे सांगितले. शेवटी प्राध्यापकांनी स्वतःच पुरस्कार सोडून दिला.

या प्राध्यापकांचे नाव येशायाहू लायबोवित्झ. हे कोणी धर्म सोडलेले डावे विचारवंत असतील असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात ते डोक्यावर टोपी घालणारे, रोजची प्रार्थना न चुकवणारे, शब्बाथ पाळणारे, ज्यू शरीअतीला म्हणजे 'हलाखा'ला बांधलेले धर्मनिष्ठ ज्यू होते. त्यांचा सरकारला विरोध होता तो धर्मामुळेच.

गाझातल्या बातम्या आणि चित्रे रोज आपल्या मोबाइलवर येत असताना एका ज्यू धर्मचिंतकाबद्दल का लिहायचे, हा प्रश्न काही तरुण मित्रांच्या मनात येईल. माझे उत्तर सरळ आहे. राष्ट्राला आणि जमिनीला देवाच्या जागी बसवले की काय होते, हे या माणसाने तौहीदच्या भाषेच्या अगदी जवळच्या भाषेत, आपल्याच लोकांसमोर, चाळीस वर्षे सांगितले. आणि तो जो प्रश्न आपल्या लोकांना विचारत होता, त्यातून आपलीही सुटका नाही.

रसायनशास्त्रज्ञ आणि उपासक

लायबोवित्झ यांचा जन्म १९०३ मध्ये रीगा शहरात झाला. आज हे शहर लॅटव्हिया देशाची राजधानी आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. १९१९ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. तिथे त्यांनी रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला, १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे वैद्यकशास्त्राचीही पदवी घेतली. हिटलर सत्तेवर आल्यानंतर १९३५ मध्ये ते जेरुसलेमला गेले आणि हिब्रू विद्यापीठात शिकवू लागले. जीवरसायनशास्त्र, मेंदूचे शरीरशास्त्र, विज्ञानाचा इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय त्यांनी शिकवले. हिब्रू भाषेतल्या मोठ्या विश्वकोशाचे ते अनेक वर्षे संपादक होते.

अशा माणसाने धर्म आणि विज्ञान यांचा मेळ घालून दाखवला असेल, असे वाटणे साहजिक आहे. त्यांनी नेमके उलटे केले. धर्मग्रंथ भौतिकशास्त्र किंवा इतिहास शिकवण्यासाठी आलेला नाही, तो माणसाला त्याच्या निर्मात्यासमोर उभे करण्यासाठी आला आहे, असे ते सांगत. ग्रंथातून विज्ञान काढू नये आणि विज्ञानाने ग्रंथ सिद्ध करू नये.

इंजिनिअरिंगला असल्यापासून मी आपल्या ग्रुपवर काही ठरावीक संदेश फिरताना पाहत आलो आहे. नमाजमुळे सांधे मोकळे राहतात, रोज्यामुळे शरीर शुद्ध होते, अमुक शोध चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितला होता. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण लायबोवित्झ यांचा प्रश्न इथे टोचतो. सांध्यांसाठी योगवर्ग जास्त उपयोगी आहे, असे उद्या एखाद्या डॉक्टरने सांगितले तर नमाज सोडणार का? ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम आरोग्यासाठी आहेत, असे सांगणाऱ्यांनाही ते हेच विचारत. आरोग्यासाठी पाळलेला नियम ही आरोग्याची काळजी झाली. ती वाईट नाही, पण तिला इबादत म्हणता येत नाही.

चमत्कारांबद्दलही त्यांचे एक निरीक्षण होते. मिसरमधून सुटका, दुभंगलेला समुद्र, सिनाई पर्वत हे सगळे ज्या पिढीने डोळ्यांनी पाहिले, तीच पिढी काही दिवसांत वासराची पूजा करू लागली. उलट ज्यांनी एकही चमत्कार पाहिला नाही, अशा नंतरच्या कितीतरी पिढ्यांनी ईमानासाठी जीव दिले. हजरत मूसा (अ.) आणि सामरीच्या वासराची हकिगत कुरआनमधून आपल्याला ठाऊक आहेच. तिचा हा अर्थ किती स्वच्छ आहे! पुराव्यांचा ढीग रचून ईमान पैदा होत नाही. ईमान हा माणसाने घेतलेला निर्णय असतो आणि तो रोज नव्याने घ्यावा लागतो.

निय्यतीची परीक्षा

लायबोवित्झ यांच्या सगळ्या विचाराचा गाभा एका हिब्रू शब्दात आहे : 'लिश्मा', म्हणजे केवळ त्याच्यासाठी. उपासना दोन प्रकारची असते. एकीत माणूस काहीतरी मिळवण्यासाठी देवाकडे जातो. आरोग्य, बरकत, मनःशांती, स्वर्ग, समाजाची एकजूट, राष्ट्राचे रक्षण, काहीही. दुसरीत तो देव देव आहे म्हणून त्याच्यासमोर उभा राहतो. पहिली ज्यू परंपरेने सवलत म्हणून मान्य केली आहे, कारण माणूस दुबळा आहे. पण खरी उपासना दुसरी.

हे वाचताना आपल्याला बसऱ्याच्या राबिया अल-अदविया आठवतील. जन्नतची लालूच आणि जहन्नमची भीती या दोन्हींच्या पलीकडे जाऊन अल्लाहवर प्रेम करावे, असे सांगणाऱ्या त्या आठव्या शतकातल्या वलीया. लायबोवित्झ सुफी वृत्तीचे नव्हते. भावनेच्या उमाळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, रोजच्या शिस्तीवर होता. त्यांचे आदर्श होते बाराव्या शतकातले इब्न मैमून, ज्यांना युरोप मायमोनिडीस म्हणतो. कुर्तुबात जन्मलेल्या, मिसरमध्ये वैद्यकी केलेल्या आणि आपला तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ अरबी भाषेत लिहिणाऱ्या या ज्यू पंडितावर लायबोवित्झ यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. आपल्या आणि त्यांच्या परंपरा एकाच अरबी भाषेत विचार करत होत्या, तो हा काळ.

लिश्माचे सर्वात मोठे उदाहरण त्यांच्या मते हजरत इब्राहीम (अ.) यांची कुर्बानी. ज्यू परंपरेत तो मुलगा इसहाक (अ.) मानला जातो, आपल्याकडे बहुतेक आलिम इस्माईल (अ.) मानतात. फरक आहे, पण प्रसंगाचा कणा एकच आहे. इब्राहीम (अ.) यांना त्या क्षणी कोणताही लाभ दिसत नव्हता. वंशाबद्दल दिलेले वचनसुद्धा त्या सुरीखाली होते. तरीही ते उठून निघाले. बकरी ईदला आपण ही हकिगत दरवर्षी ऐकतो आणि मग बोकड केवढ्याला घेतला याची चर्चा करतो. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा, ही सूरह हजमधली शिकवण त्या चर्चेत कुठे असते, ते आपले आपण तपासायचे.

हा विचार किती कठोर होऊ शकतो, हे ऑशविट्झबद्दलच्या त्यांच्या मतावरून कळते. नाझींनी सुमारे साठ लाख ज्यू मारले. त्यानंतर अनेकांनी म्हटले की आता देवावर विश्वास ठेवता येत नाही. लायबोवित्झ यांचे उत्तर असे की अशा माणसाचा विश्वास कधी देवावर नव्हताच, देव मदत करेल यावर होता. स्वतः त्या काळातून गेलेल्या समाजातल्या माणसाने हे म्हणावे, हे ऐकायलाही जड जाते. पण संकटात सापडलेल्या प्रत्येक समाजाला हा प्रश्न कधी ना कधी भेटतोच. आपली दुआ कबूल होताना दिसत नाही, तेव्हा आपल्या ईमानाचे काय होते?

किबयाची रात्र

आता या धर्मविचाराचे राजकारण पाहू. १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये येहूद या गावात एक ज्यू स्त्री आणि तिची दोन मुले हल्ल्यात मारली गेली. बदला म्हणून इस्रायली सैन्याने, एरियल शेरॉन यांच्या नेतृत्वाखाली, तेव्हा जॉर्डनच्या ताब्यात असलेल्या किबया या पॅलेस्टिनी गावावर रात्री हल्ला केला. घरे सुरुंगाने उडवली. सुमारे ७० माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सरकारने सुरुवातीला सैन्याचा हात असल्याचे नाकारले.

लायबोवित्झ यांनी यावर जो निबंध लिहिला, तो आजही वाचण्यासारखा आहे. बदल्याची कारणे शोधली तर सापडतील, हे त्यांनी मान्य केले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. अत्याचार सोसलेल्या, नीतीचा अभिमान बाळगणाऱ्या समाजातली ही मुले. त्यांचा हात असे करताना का थरथरला नाही? त्यांचे उत्तर असे : पावित्र्य हा गुण फक्त देवाचा आहे. तो आपण देश, जमीन, सैन्य, राष्ट्र यांना चिकटवला. जे पवित्र आहे त्याच्यासाठी काहीही केले तरी चालते. एकदा राष्ट्र पवित्र ठरले की राष्ट्रासाठी केलेले पापही पुण्य ठरते.

त्यांनी बायबलमधल्या एका हकिगतीची आठवण करून दिली. हजरत याकूब (अ.) यांच्या मुलीवर शेखेम इथे अत्याचार झाला आणि तिच्या दोन भावांनी सूड म्हणून अख्ख्या गावातले पुरुष मारले. भावांकडे कारण होते, बहिणीची अब्रू होती. तरीही बापाने मरताना त्या दोघांच्या क्रोधाला शाप दिला. कारण असूनही शाप, हा मुद्दा लायबोवित्झ यांना महत्त्वाचा वाटला.

कोरहची कथाही ते पुन्हा पुन्हा सांगत. हा तोच, ज्याला आपण कारून म्हणून ओळखतो. बायबलमध्ये तो मूसा (अ.) यांना म्हणतो की आमची सगळी जमात पवित्रच आहे. लायबोवित्झ म्हणत की देवाने 'पवित्र व्हा' अशी आज्ञा केली होती, 'तुम्ही पवित्र आहात' असे प्रमाणपत्र दिले नव्हते. आज्ञा माणसाला कामाला लावते. प्रमाणपत्र त्याला मस्तवाल करते.

१९६७ : सगळे नाचत होते तेव्हा

१९६७ च्या जूनमध्ये सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेम, वेस्ट बँक आणि गाझा जिंकले. देशात जल्लोष होता. धर्मनिष्ठ ज्यूंना वाटले की देवाची योजना डोळ्यांसमोर पूर्ण होत आहे. पश्चिम भिंतीसमोर मोठे पटांगण हवे म्हणून तिथली मगरिबी वस्ती पाडली गेली. सलाहुद्दीन अय्युबी यांचा मुलगा अल-अफदल याने वक्फ केलेली ही वस्ती शतकानुशतके तिथे होती.

त्या जल्लोषात लायबोवित्झ यांनी भिंतीच्या हिब्रू नावाला 'डिस्को' शब्द जोडून तिची टिंगल केली. दगडांपुढे झेंडे नाचवणे आणि त्याला उपासना म्हणणे ही त्यांच्या लेखी मूर्तिपूजा होती. १९६८ मध्ये त्यांनी लिहिले की दहा-वीस लाख परक्या लोकांवर सत्ता गाजवणारे राज्य हळूहळू गुप्त पोलिसांचे राज्य बनेल. शिक्षण, भाषणस्वातंत्र्य, लोकशाही, सगळ्याला कीड लागेल. प्रत्येक वसाहतवादी सत्तेला लागते ती भ्रष्टता इथेही येईल. एकीकडे अरबांचे बंड चिरडावे लागेल, दुसरीकडे त्यांच्यातून फितूर विकत घ्यावे लागतील. म्हणून हे प्रदेश ताबडतोब सोडा. विजयाला वर्ष-दीड वर्षच झाले होते. इतक्या लवकर इतके स्पष्ट बोलणारे लोक तिथे मोजकेच होते. १९८२ च्या लेबनॉन युद्धात आणि नंतरही, लष्करात जायला नकार देणाऱ्या तरुणांच्या पाठीशी ते उभे राहिले.

सरकारच्या पगारावरचा धर्म

हा धर्मनिष्ठ माणूस धर्म आणि राज्य वेगळे करा म्हणत होता, आणि तेही धर्माच्या भल्यासाठी. इस्रायलमध्ये धर्मगुरूंची सरकारी यंत्रणा आहे, लग्न-तलाक तिच्या हातात आहेत. सरकार धर्माला रखेलीसारखे ठेवते आणि धर्मही त्यात खूश आहे, अशा जहरी शब्दांत ते बोलत. सरकारच्या पगारावरचा धर्मगुरू सरकारला आरसा दाखवू शकत नाही, हा त्याचा अर्थ.

या व्यवस्थेचा फटका मराठी बोलणाऱ्यांनाही बसला आहे. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना अलिबाग-रेवदंड्याकडे शनवार तेली म्हणत, त्यांच्यातले हजारो लोक इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या सरकारी धर्मपीठाने त्यांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. शतकानुशतके कोकणात शब्बाथ पाळणाऱ्यांना आपण ज्यू असल्याचे सिद्ध करावे लागले! १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा कुठे संसदेने त्यांना सर्व अर्थांनी ज्यू मानले. धर्माच्या हातात सरकारी शिक्का आला की तो आपल्याच लोकांना कसा वागवतो, याचे हे उदाहरण आपल्या शेजारच्यांचे आहे.

स्त्रियांच्या प्रश्नावरही ते आपल्या काळातल्या अनेक धर्मपंडितांच्या पुढे होते. स्त्रियांना धर्मज्ञानापासून दूर ठेवणे ही ज्यू धर्मापुढची राजकारणाहूनही गंभीर समस्या आहे, असे त्यांचे मत होते. त्यांची धाकटी बहीण नेहामा लायबोवित्झ ही बायबलची विसाव्या शतकातली एक थोर शिक्षिका. १९४२ पासून ती दर आठवड्याला बायबलवरच्या प्रश्नांचे कागद काढत असे आणि लोकांनी पाठवलेली उत्तरे स्वतः तपासत असे. १९५६ मध्ये तिला इस्रायल पुरस्कार मिळाला. आपल्या मोहल्ल्यात कुरआनचा अर्थ समजावून सांगणाऱ्या किती स्त्रिया आहेत आणि त्यांच्यासमोर बसून शिकायची तयारी असलेले किती पुरुष, हे मोजायला फार वेळ लागणार नाही.

जिथे मी त्यांच्याशी सहमत नाही

लायबोवित्झ यांना आपला माणूस बनवण्याची गरज नाही. ते स्वतःला शेवटपर्यंत झायोनिस्ट म्हणवत. ज्यूंना दुसऱ्यांच्या सत्तेखाली राहण्याचा वीट आला, एवढाच त्याचा अर्थ, असे ते सांगत. पण त्या राज्याच्या स्थापनेत, १९४८ मध्ये, लाखो पॅलेस्टिनींची घरे गेली. राज्य हे फक्त एक साधन आहे असे म्हणताना त्या साधनाची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब त्यांच्या या व्याख्येत बसत नाही.

दुसरे, त्यांची जीभ. इस्रायली सैनिकांच्या वागण्याला त्यांनी नाझींशी जोडणारे शब्द वापरले. छळछावण्यांतून वाचलेली माणसे ज्या समाजात राहत होती, तिथे हे बोलणे दरवाजे उघडण्यापेक्षा बंद करणारे होते.

तिसरा मतभेद जास्त खोल आहे. नीती हा माणसाला केंद्रस्थानी ठेवणारा विचार आहे आणि धर्म देवाला, म्हणून दोघांची सरमिसळ नको, असे ते म्हणत. मला हे पटत नाही. सूरह माऊनमध्ये यतीमाला हाकलून देणारा आणि नमाजकडे दुर्लक्ष करणारा एकाच दमात येतात. आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. आणि गंमत अशी की किबयावरचा त्यांचा निबंध वाचताना, त्यांनी स्वतः तरी ते सोडवले होते का, अशी शंका येते.

आता आपली पाळी

लायबोवित्झ १९९४ च्या ऑगस्टमध्ये वारले. शेवटपर्यंत अनोळखी तरुण त्यांना पत्रे लिहून प्रश्न विचारत आणि ते उत्तरे देत. त्यांना वाचून इस्रायलला झोडपायला चांगले मुद्दे मिळाले, एवढ्यावर आपण थांबलो तर त्यांना वाचलेच नाही असे होईल. त्यांनी आपली सगळी ताकद शेजाऱ्याच्या घरातल्या मूर्ती दाखवण्यात घालवली नाही. त्यांनी स्वतःच्या घरातल्या दाखवल्या.

भारतात आज तरुण मुसलमानाकडे देशप्रेमाचा दाखला वारंवार मागितला जातो. लायबोवित्झ यांच्या विचारात याचे एक शांत उत्तर आहे. देशाची सेवा करता येते, कर भरता येतो, कायदा पाळता येतो, त्याच्यासाठी राबता येते, त्याच्या चुकांवर बोलता येते. आपण हे सगळे करतो आणि मनापासून करतो. पूजा मात्र देशाची होत नाही, कारण पूजा फक्त एकाची. यात देशाचा अपमान नाही. उलट देशाला देव न मानणाराच त्याची चूक दाखवू शकतो.

पण हाच नियम आपल्या 'कौम'लाही लागू होतो. तीसुद्धा देव नाही. आपल्यातल्या माणसाने बायकोवर, कामगारावर, दुसऱ्या जातीतल्या माणसावर जुलूम केला आणि आपण 'आपल्याच लोकांची बदनामी नको' म्हणून गप्प बसलो, तर आपणही कोणाच्या तरी चरणी काहीतरी वाहिलेच. 'आम्ही सर्वश्रेष्ठ उम्मत' हे वाक्य जबाबदारी म्हणून न घेता बढाई म्हणून मारले, तर आपण कारूनच्या रांगेत उभे राहिलो. आणि एखाद्या पक्षाच्या किंवा नेत्याच्या पगारावर आपले मिंबर चालत असेल, तर ते कोणत्या प्रश्नावर गप्प असते, हे लक्षपूर्वक ऐकावे.

हे तपासायला मोठी चळवळ लागत नाही. पुढच्या नमाजला उभे राहताना स्वतःला एवढेच विचारू या : यातून आरोग्य, बरकत, इज्जत, ओळख, काहीही मिळणार नसते, तरी मी इथे उभा राहिलो असतो का?